नेटवर्क मार्केटिंगमधली माणसं टीका ऐकूनच का घेत नाहीत?

कोरी_पाटी

एरवी व्यवहाराला चोख असणारा माणूस नेटवर्क मार्केटिंगमध्ये, म्हणजे माल विकायचा आणि आपल्याखाली नवी माणसं जोडून त्यांच्या खरेदी-विक्रीवरही कमिशन घ्यायचं अशा धंद्यात, शिरला की त्या एका विषयावर त्याला वावगा शब्द सहन होत नाही. कंपनीनेच छापलेला उत्पन्नाचा तक्ता पुढे ठेवा, वरच्या पायरीवर किती थोडे पोचतात ते दाखवा, उत्तरं ठरलेली: "तुम्ही निगेटिव्ह आहात", "तुम्हाला सिस्टिम कळलेली नाही". कोणी चिडतं, कोणी कीव केल्यासारखं हसतं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोमाने फोन लावायला बसतं.

हे नेमकं कशाने होतं? हाव, भोळेपणा, की शिकवून ठेवलेलं असतं? आणि जवळच्या माणसाशी यावर बोलायचंच असेल तर कसं बोलावं? "मूर्ख असतात" एवढंच म्हणायचं असेल तर कृपया लिहू नका. तसं नसतं हे दिसतंच.

---

मनमोकळं

शिकवलेलं असतं हे खरं, पण काय आणि कधी शिकवतात ते बघायला हवं.

नवा माणूस जोडला गेला की पहिल्या काही दिवसांतच त्याला नावांची यादी काढायला लावतात. नातेवाईक, जुने सहकारी, शेजारी, शंभर नावं तरी हवीत. त्याच बैठकीत अपलाइन, म्हणजे त्याला जोडणारा वरचा माणूस, आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: "यातले सगळ्यात जवळचे लोकच आधी नाही म्हणतील. काळजी आहे म्हणून सांगतोय म्हणतील. इंटरनेटवरचं काहीतरी काढून दाखवतील." आठवड्याभरात घरचं कोणीतरी नेमकं तसंच बोलतं. त्या क्षणी ते बोलणं धंद्याविरुद्धचा पुरावा राहत नाही, अपलाइनचं भाकीत खरं ठरल्याचा पुरावा होऊन बसतं. तुमचा मुद्दा जितका नेमका, तितका अपलाइन शहाणा. टीका तुमच्याही आधी, उत्तरासकट, त्याच्या कानावर घातलेली असते.

त्यात आक्षेपांना उत्तरं द्यायची तालीम असते. विक्रीच्या प्रशिक्षणातली एक जुनी तीन पायऱ्यांची पद्धत सर्रास वापरली जाते: "तुम्हाला काय वाटतंय ते मी समजू शकतो. मलाही सुरुवातीला अगदी तसंच वाटलं होतं. पण काम सुरू केल्यावर मला वेगळंच दिसलं." या तीन वाक्यांत समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर कुठेच नाही. मुद्दा "अजून न कळलेल्या माणसाची भावना" या खणात टाकला आणि खण बंद केला. दोघा-तिघांसमोर हे म्हणून झालं की म्हणणाऱ्यालाही ते पाठ केलेलं वाटेनासं होतं.

हे पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९५९ साली फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं, आणि मग पुढच्या माणसाला "काम मजेशीर आहे" असं सांगायला लावलं. काहींना त्याबद्दल १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर विचारलं तेव्हा काम खरंच बरं वाटलं असं जास्त कोणी म्हटलं? १ डॉलरवाल्यांनी. २० डॉलर घेणाऱ्याकडे खोटं बोलण्याचं सबळ कारण होतं, "पैसे मिळाले म्हणून बोललो". १ डॉलरवाल्याकडे ते नव्हतं, म्हणून त्याने आपलं मतच बदलून घेतलं.

आता हे इथे लावून बघा. ज्याला भरघोस कमिशन मिळतं तो मनातल्या मनात तरी थंडपणे हिशेब करू शकतो. ज्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, पण जो रोज चार जणांना "आयुष्य बदललं" सांगतोय, त्याला ते स्वतःला पटवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. कमी कमाई करणारेच जास्त कडवे का दिसतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. "तुला काही मिळत तर नाही" हा टोला नेमका त्याच जागी बसतो आणि पक्कड आणखी घट्ट करतो.

आणि पैशापेक्षा जड असतं ते नात्यांचं. मेव्हण्याला जोडलंय, मैत्रिणीला जोडलंय, ऑफिसातल्या दोघांना जोडलंय. धंदा खोटा निघाला तर फक्त "मी फसलो" म्हणून भागत नाही, "मी यांनाही फसवलं" म्हणावं लागतं. डाउनलाइनमध्ये, म्हणजे आपल्याखाली जोडलेल्या माणसांत, घरचे जितके जास्त, तितकी टीका ऐकणं अवघड.

---

जमाखर्च

वरच्या मांडणीशी सहमत, पण एक गोष्ट जोडतो. बऱ्याचदा या लोकांना आपण तोट्यात आहोत हे खरोखरच माहीत नसतं. म्हणजे नाकारतात असं नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे तो आकडा कधी येतच नाही. कंपनीच्या अ‍ॅपवर रँक दिसते, पॉइंट दिसतात, या महिन्याचं पेआउट, म्हणजे मिळालेलं कमिशन, दिसतं. नफा-तोटा हा रकाना त्यात नसतोच.

एक सोपा हिशेब. अ‍ॅक्टिव्ह राहण्यासाठी, म्हणजे कमिशनला पात्र राहण्यासाठी, दरमहा १०० एककांचा माल घ्यावा लागतो असं धरा. तो घरीच वापरला. तसाच माल दुकानातून ४० ला आला असता, म्हणजे ६० जास्तीचे गेले. सभांची तिकिटं, प्रवास, नमुने आणि लोकांना भेटताना झालेला खर्च मिळून ३५. पेआउट आलं २५. खरा हिशेब: २५ वजा ६० वजा ३५, म्हणजे उणे ७०. त्या माणसाच्या डोक्यातला हिशेब: "अधिक २५, आणि माल तर घरात वापरलाच." दोन्ही हिशेब प्रामाणिक आहेत, फक्त दुसऱ्यात दोन ओळी नाहीत. आणि वेळ तर मी धरलेलाच नाही.

तोट्यासाठी शब्दही तयार असतात. किट म्हणजे "गुंतवणूक", सेमिनार म्हणजे "शिक्षण", न खपलेला माल म्हणजे "स्टॉक". ही नावं एकदा दिली की त्या रकमा खर्चाच्या बाजूला लिहिल्याच जात नाहीत.

उत्पन्नाच्या तक्त्याबद्दल. तो दाखवून उपयोग होत नाही, कारण तो वाचायला कोणी शिकवलेलं नसतं, आणि तो छापलेलाही तशाच बेताने असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, ७० कंपन्यांचे असे तक्ते तपासून अहवाल काढला. बहुतेकांची वर्षाची कमाई १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती. निदान १७ कंपन्यांत तर बहुसंख्य लोकांना काहीच मिळालं नव्हतं. अनेक तक्त्यांत कमी किंवा शून्य कमाई असलेले लोक मोजणीतच नव्हते, आणि लोकांना येणारा खर्चही वजा केलेला नव्हता. तक्ता हातात आला की चार गोष्टी बघा: "अ‍ॅक्टिव्ह" कोणाला म्हटलंय, सरासरी दिलीय की मधला आकडा, खर्च वजा केलाय का, आणि वर्षभरात सोडून गेलेल्यांना मोजलंय का. सरासरीचा खेळ असा: ९९ जणांना १० आणि एकाला ९,००० मिळाले तर सरासरी भरते जवळजवळ १००. मधल्या माणसाच्या हातात मात्र १०.

---

दुसरी_बाजू

थोडं टीकाकारांबद्दलही बोलू या. ते आयतं कोलीत हातात देतात.

"हा पिरॅमिड आहे (म्हणजे पैसा मालाच्या विक्रीतून नाही, नवी माणसं भरती करण्यातून येतो), बेकायदा आहे" म्हणून सुरुवात केली की संपलं. समोरच्याकडे कंपनीची नोंदणी, कराचे कागद, मालाची प्रमाणपत्रं सगळं तयार असतं. शिवाय त्याला हेही शिकवलेलं असतं की १९७९ मध्ये एफटीसीने अ‍ॅमवे या नेटवर्क मार्केटिंग कंपनीच्या प्रकरणात ती पिरॅमिड योजना नाही असा निर्णय दिला होता. हे खरंच आहे. त्या निर्णयात कंपनीच्या नियमांना वजन मिळालं: न खपलेला माल परत घेणं, आधीचा ७० टक्के माल विकल्याशिवाय नवा न उचलणं, महिन्याला किमान १० ग्राहकांना विक्री. त्याच निर्णयात किंमती बांधून दिल्याबद्दल आणि कमाईचे फुगवलेले दावे केल्याबद्दल कंपनी दोषी ठरली होती, तो भाग मात्र सभेत कोणी सांगत नाही.

पिरॅमिड कशाला म्हणायचं याची कसोटी त्याआधी १९७५ च्या कॉस्कॉट प्रकरणात आली होती: माणूस पैसे भरून माल विकण्याचा हक्क घेतो, आणि शिवाय खऱ्या ग्राहकाला माल विकण्याशी संबंध नसलेल्या, निव्वळ भरतीच्या बक्षिसाचाही हक्क घेतो. म्हणजे माल आहे की नाही हा प्रश्न नाही, बक्षीस कशावर मिळतं हा आहे. २०१६ मध्ये हर्बालाइफ या अशाच कंपनीने एफटीसीशी तडजोड करून २० कोटी डॉलर भरले आणि बक्षिसांची पद्धत बदलली. अटींमध्ये हेही होतं की वाटल्या जाणाऱ्या बक्षिसांपैकी निदान दोन तृतीयांश रक्कम पडताळता येईल अशा किरकोळ विक्रीवर आधारलेली हवी. २०१९ मध्ये अ‍ॅडव्होकेअर या कंपनीने १५ कोटी डॉलर भरले आणि तिला नेटवर्क मार्केटिंगमधून कायमचं बाहेर पडावं लागलं.

तेव्हा "कायदेशीर आहे का?" हा तुमच्या भांडणाचा मुद्दा करू नका. कायदेशीर असूनही भाग घेणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं. तुम्ही "बेकायदा" म्हणालात आणि त्याने कागद दाखवला की तुमचं पुढचं सगळं बोलणं, बरोबर असलेलं सुद्धा, बाद.

दुसरी अशीच फसणारी टीका: "प्रत्येकाने ६ जण जोडले तर तेराव्या पायरीला जगाची लोकसंख्या संपते." गणित बरोबर आहे, तेराव्या पायरीला १,३०० कोटी लागतात. पण प्रत्यक्षात लोक सतत गळत असतात आणि त्यांच्या जागी नवे येत असतात, त्यामुळे बाजार कधी भरलेला दिसतच नाही. अपलाइन हसून म्हणतो, "चाळीस वर्षं हेच ऐकतोय, कुठे भरलाय बाजार?" गळती मुद्दा म्हणून मांडायची तर "आपल्याबरोबर आलेल्यांपैकी आज किती आहेत?" एवढंच विचारावं.

---

खवचट

आणि सोडलेल्याला "हार मानली" म्हणायचं, म्हणजे तो मोजणीतूनही गेला आणि साक्षीतूनही. शिल्लक राहिलेले सगळे अर्थातच समाधानी.

---

कोरी_पाटी

खूप उपयोगी. दोन गोष्टी अजून. "नोकरी म्हणजे पण पिरॅमिडच की" आणि "जिमला जाणारे सगळे कुठे बारीक होतात? तो काय जिमचा दोष?" ही दोन वाक्यं हमखास येतात. त्यांना काय म्हणायचं? आणि प्रत्यक्ष बोलायची पद्धत कोणी पायरी-पायरीने सांगेल का?

---

जमाखर्च

दोन्ही वाक्यं तुमच्याकडून वाद व्हावा म्हणूनच असतात, त्यामुळे आपण होऊन त्यात उतरू नये. विचारलंच तर:

नोकरीत सगळ्यात खालच्या माणसालाही ठरलेला पगार मिळतो. नोकरी टिकवायला दरमहा कंपनीचा माल घ्यावा लागत नाही, आणि दोन माणसं भरती केली नाहीत म्हणून पगार अडत नाही. उतरंडीच्या आकाराचा इथे संबंध नाही, पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते बघायचं.

जिमच्या वाक्यात खरी गोम आहे. जिममध्ये एकाचं वजन उतरण्यासाठी बाकीच्यांचं तसंच राहायला हवं अशी अट नसते. इथे असते. प्रत्येकाखाली ५ जण अशी पूर्ण भरलेली रचना घ्या. तिच्यात शेवटच्या पायरीवर एकूण माणसांच्या जवळपास ८० टक्के असतात, शेवटच्या दोन पायऱ्या मिळून ९६ टक्के. खाली दोन पायऱ्या भरल्याशिवाय खर्च निघत नसेल तर कोणत्याही दिवशी ९६ टक्के लोक तोट्यात असणार. रचना दहापट वाढवा, टक्केवारी तीच. बायनरी प्लॅनमध्ये, म्हणजे प्रत्येकाखाली दोनच जण असतील तर, शेवटच्या दोन पायऱ्यांवर ७५ टक्के. सगळ्यांनी कितीही मेहनत केली तरी हे प्रमाण हलत नाही.

"पण मी लवकर आलोय" याचंही तेच. तुमच्याखाली दोन पायऱ्या भरल्या, ५ आणि २५, म्हणजे ३० माणसं. ते ३० जण तुमच्या आजच्या जागी यायचे तर त्यांच्याखाली आणखी ७५० लागतात, आणि तोट्याच्या जागेवर तेव्हा ते ७५० उभे असतात. हे तोंडी सांगू नका. कागद त्याच्याकडे द्या आणि गोल त्यालाच काढू द्या. स्वतःच्या हाताने तिसरी पायरी काढताना जे लक्षात येतं ते तुमच्या तोंडून ऐकून येत नाही.

---

मनमोकळं

बोलण्याच्या पद्धतीबद्दल.

वेळ आधी बघा. मोठ्या सेमिनारनंतरचा आठवडा वर्ज्य. टाळ्या, रंगमंचावरची ओळखपरेड, नवं ध्येय जाहीर करणं, हे सगळं ताजं असतं, आणि चारचौघांत जाहीर केलेल्या ध्येयावरून माणूस इतक्यात मागे येत नाही. महिनाअखेरही टाळा, तेव्हा पॉइंट पुरे करण्याची धावपळ असते. महिना उलटून पेआउट आल्यानंतरचे चार-पाच दिवस बरे. वार्षिक नूतनीकरणाच्या आधीचा महिना सगळ्यात चांगला, कारण तेव्हा सोडायचं म्हणजे काही करावं लागत नाही, फक्त पैसे भरायचे नसतात.

एकट्याने, एकट्याशी बोला. घरातले चौघे मिळून समजूत घालायला बसले की ती पंचायत होते, आणि पंचायतीपुढे कोणी चूक कबूल करत नाही. व्हिडिओ, लेख, स्क्रीनशॉट पाठवू नका. ते आपोआप "निगेटिव्ह कंटेंट" या खणात जातात, आणि बहुतेकदा अपलाइनकडे फॉरवर्ड होऊन तयार उत्तरासह परत येतात.

सुरुवात त्याला काय हवं होतं तिथून करा. कर्ज फेडायचं होतं, घरी राहून काम हवं होतं, कोणीतरी आपल्याला मोजावं असं वाटत होतं. हे शेवटचं फार जणांचं असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही. ज्याचं ऑफिसात कोणी नाव घेत नाही त्याला इथे पन्नास माणसं उभं राहून टाळ्या देतात. धंद्यावर टीका म्हणजे त्या टाळ्यांवर टीका, असं त्याला ऐकू येतं. हवं होतं ते रास्तच होतं, हे आधी मोकळेपणाने म्हणा, आणि मनापासून म्हणा, कारण डावपेच म्हणून म्हटलेलं लगेच कळतं. विक्रीचं प्रशिक्षण त्याचं झालंय, तुमचं नाही.

मग प्रश्न. एका भेटीत एकच, फार तर दोन. "जोडले न गेलेले, फक्त माल आवडतो म्हणून घेणारे ग्राहक गेल्या महिन्यात किती होते?" "कमिशन बंद झालं तरी हाच माल याच किमतीला घेशील का?" "किती महिन्यांत किती शिल्लक उरली तर हे चालतंय असं म्हणायचं, आणि किती उरली नाही तर थांबायचं?" तिसरा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. आकडा त्याने ठरवायचा, तारीख त्याने ठरवायची, लिहून त्याच्याचकडे ठेवायची. तुम्ही आकडा सुचवलात की तो तुमचा झाला, आणि तुमचा आकडा मोडण्यात त्याला मजा वाटेल.

उत्तर आलं की गप्प बसा. ही पायरी सगळ्यांची चुकते. तो म्हणाला "बाहेरचे ग्राहक तसे तीनच आहेत", की समोरून "बघ!" निघून जातं, आणि पुढची दहा मिनिटं तो त्या तिघांचं समर्थन करण्यात घालवतो. "हं, तीन" म्हणा आणि विषय बदला. आकडा त्याच्या डोक्यात राहतो.

सोडायला लागल्यावर "मी म्हटलंच होतं" अजिबात नको. ते ऐकायला लागू नये म्हणून दुसऱ्या कंपनीत उडी मारणारे पुष्कळ. "पहिली कंपनी चुकीची होती, पद्धत बरोबर आहे" एवढ्या वाक्यावर सगळा अभिमान शाबूत राहतो.

---

कोरी_पाटी

हिशेब मांडायला तो तयार झाला तर नेमकं काय काय लिहायचं? आणि घरात पडलेल्या मालाचं काय?

---

जमाखर्च

तीन महिने घ्या. एका महिन्यावर "तो महिनाच खराब होता" असं म्हणता येतं, वर्षभराचा काढायचा म्हटलं तर कोणी बसत नाही. आठवणीवर जाऊ नका, बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीची बिलं समोर ठेवा.

जमेच्या बाजूला फक्त खात्यात खरोखर आलेले पैसे: पेआउट आणि बाहेरच्या ग्राहकांकडून मिळालेला विक्रीचा नफा. पॉइंट, व्हाउचर, "पात्र ठरलो" असलेला परदेश प्रवास जमेत नाही. खर्चाला मालाची खरेदी, नोंदणी आणि नूतनीकरण, वेबसाइट किंवा अ‍ॅपची फी, सभा, प्रवास, नमुने, डाउनलाइन टिकावी म्हणून तिच्या नावाने भरलेले पैसे. हा शेवटचा रकाना विसरतोच, आणि रँक टिकवण्यासाठी तोच सगळ्यात मोठा निघू शकतो. घरी वापरलेल्या मालाची दुकानातल्या तशाच मालाच्या किमतीइतकी रक्कम खर्चातून वजा करा, नाहीतर "माल तर वापरला" हा आक्षेप रास्त ठरतो. तास वेगळ्या ओळीत लिहा, त्यांना पैशात बदलू नका. पैशात बदलले की भांडण दरावर जातं.

पडलेल्या मालाबद्दल: थेट विक्री व्यवसायाच्या (त्यात नेटवर्क मार्केटिंगही येतं) आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत, सोडून जाणाऱ्याकडून मागच्या १२ महिन्यांतला विकण्याजोगा माल निव्वळ किमतीच्या किमान ९० टक्क्यांनी परत घ्यावा असं आहे. कंपनी सदस्य आहे का आणि करारात काय लिहिलंय ते आधी बघा. मग क्रमाने:

पहिल्यांदा दरमहाची आपोआप होणारी ऑर्डर आणि कार्डावरची परवानगी बंद करा. ती राहिली तर राजीनाम्यानंतरही माल येत राहतो. सील फोडू नका, "एक तरी वापरून बघू" म्हणून फोडलेला खोका परत जात नाही. संपत आलेल्या मुदतीचा माल वेगळा काढा. प्रत्येक वस्तूपुढे बिल क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहा. अर्ज लेखी, थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा आणि पोच घ्या. अपलाइनमार्फत नको. बहुतेक योजनांत माल परत आला की त्यावर वर वाटलेलं कमिशन वरच्यांच्या पुढच्या पेआउटमधून कापलं जातं, त्यामुळे "थांब, मी करून देतो" म्हणत मुदत निघून जाण्याची शक्यता असते. तुम्हाला त्या मालावर मिळालेलं कमिशनही परताव्यातून वजा होईल, तो आकडा आधीच काढून ठेवा म्हणजे कमी रक्कम आल्यावर धक्का बसणार नाही.